भिकाजी वैद्यांचे चार रांजण

भिकाजी वैद्य सकाळी उठून आधी द्राक्षाच्या वेलांना शिव्या देत, मग रोग्यांना, आणि त्यातून काही उरल्या तर मला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी डोणगावापासून दोन कोसांवरच्या एका गावात ग्रामसेवक होतो. सरकारी पांढरं खत शेतकऱ्यांच्या गळी उतरवणं हे माझं काम.

वैद्यबुवा जातीने माळी. विहिरीपाशी त्यांनी द्राक्षाचा मांडव घातला होता. शेणखत, राख आणि निंबोळीची पेंड. वेलांना चौथी वस्तू माहीत नव्हती. त्या द्राक्षांचं ते आसव करत. गूळ आणि धायटीची फुलं घालायची, रांजणाचं तोंड कापड-मातीने लिंपायचं, रांजण कुटारात, म्हणजे भुशाच्या ढिगात, पुरायचे. मग रोज कान लावून आतले बुडबुडे ऐकायचे. तेवढा वेळ शिव्या बंद.

"जितं हाय ते," म्हणत. "बोलते."

रोगी आला की पुन्हा सुरू. "भूक नाही लागत म्हन्तं? चार भाकरी हाणल्यावर कशी लागन बे?"

मी खताचं पोतं घेऊन गेलो, तर त्यांनी ते दहा माणसांसमोर विळ्याने फाडलं. "हे जहर माह्या मातीले? तुह्या मायच्या दुधात टाकशीन काय बे?"

आईवर गेल्यावर माझं डोकं फिरलं. त्याच तिरीमिरीत मी चावडीवर पोलीस जमादाराला म्हणालो, "दारूबंदी काय फक्त गरिबांसाठी आहे? वैद्यबुवांच्या कुटारात एकदा नाक खुपसून बघा."

दुसऱ्या दिवशी जमादाराने परवाना मागितला. तो कुठून असणार!

"अवषद हाय ते!" वैद्यबुवा किंचाळत होते. "पिऊन पाह्य! झिंग आली तर मले फासावर दे!"

जमादाराने चारही रांजण लाठीने फोडले. वर्षभराचं आसव अंगणातून वाहत गेलं. मी कुंपणाशी उभा होतो. बरं वाटेल असं वाटलं होतं. उलट स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. वैद्यबुवा मुकाट्याने खापऱ्या वेचत बसले.

सकाळी मी कबूल करायला निघालो. वाटेतच ते दिसले. जमादाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, जमादाराच्याच घराकडे निघालेले. आता डोकी फुटणार म्हणून मी मागे धावलो. पण त्यांच्या हातात बाटली होती, घरात उरलेली एकुलती एक.

जमादाराने दार उघडलं.

"सरक बे. तुह्यं थोबाड पाह्याले नाही आलो. म्हातारीचं आजचं आसव चुकन."

जमादाराची आई खोकल्याने अंथरुणाला खिळली होती. सून रोज गुपचूप वैद्यबुवांकडून वाटी आणायची. हे ना जमादाराला ठाऊक, ना मला.

वैद्यबुवांनी तिला चमच्याने पाजलं. म्हातारीने त्यांचा हात धरून ठेवला. "जेवला काय बापा?"

घरात बायको नाही, मूल नाही. हा प्रश्न त्यांना गावात कोणी केला नसावा. आम्ही सगळे फक्त औषध मागायला जायचो.

"नाही माय," ते म्हणाले. "कालपासून नाही."

जमादार आत गेला आणि स्वतः ताट घेऊन आला. मी दारातूनच सांगून टाकलं, "बुवा, चुगली मी केली."

त्यांनी मान वर केली नाही. भाकरीचा अर्धा तुकडा मोडून ताटाच्या कडेला सरकवला.

"ठाऊक हाय बे. बस. तू बी खाय."