कागदावरच्या शहरातली बाकं

जगदाळेकाका हसणाऱ्या माणसावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्या गावी, कोरेगावात, हे खपून गेलं असतं. पण काका पंचेचाळीस वर्षं अमेरिकेत राहतायत, आणि इथे बँकेतला माणूस हसतो, दुकानातली बाई हसते, दंडाची पावती देणारा पोलीससुद्धा "हॅव अ गुड डे" म्हणत हसतो. काका डोळे बारीक करतात आणि शेजारच्याला मराठीत सांगतात, "फार हसतोय. चेक करायला पाहिजे."

चेक करणं हा त्यांचा पेशाच होता. ॲरिझोनात सरकारी नोकरीत राहून त्यांनी आयुष्यभर पूल तपासले. पुलाच्या पोटाखाली शिडी लावायची, टॉर्च मारायचा, तडे शोधायचे. "एकही पूल माझ्याकडे बघून हसला नाही," ते म्हणतात. "म्हणून आमचं जमलं."

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या इंटर्नशिपमध्ये. मी इथल्या कॉलेजात पर्यटन व्यवस्थापन शिकते. गावी वडील टेम्पो चालवतात, आई ब्लाऊज शिवते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणी काही सांगितलं की मी ते वहीत उतरवून घेते आणि खरं मानते. उन्हाळ्यात मला एका कंपनीत काम मिळालं. ही कंपनी वाळवंटात करमणुकीचं अख्खं शहर उभारणार होती. थीम पार्क, हॉटेलं, नाट्यगृहं, शिवाय लाटा येणारा समुद्रकिनारा. शहराचं पूर्ण नाव मी सांगत नाही, कारण मी कसल्याशा कागदावर सही केली आहे. नावात 'हार्बर' होतं एवढं सांगते.

प्रत्यक्षात त्या जागी निवडुंग होते आणि जमिनीत ठोकलेल्या खुंट्या. पण कंपनीच्या माहिती केंद्रात शहराचं मॉडेल होतं, टेबल टेनिसच्या दोन टेबलांएवढं, वर काच. लेझरचा लाल ठिपका फिरवत माहिती सांगणं आणि हसणं, हे माझं काम. हसायचं, हे माझ्या बॉसने, ट्रेसीने, पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या शनिवारी एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आले. माझ्या छातीवरची नावाची पट्टी त्यांनी वाचली.

"सुजाता. मराठी का?"

"हो काका."

"फार हसतेस. काय लपवतेयस?"

मी हसणं बंद केलं.

"हार्बर म्हणजे बंदर. समुद्र कुठाय?"

"काका, तो बांधणार आहेत."

"हं." मग त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "या हॉटेलाची सावली डावीकडे. या झाडाची उजवीकडे. सूर्य किती आहेत गावात?"

मी सहा आठवडे त्या चित्राखाली उभी राहणार होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

"आणि माणसं मोजलीस? एकशे बारा आहेत. त्यात म्हातारं एक नाही. म्हाताऱ्यांना गेटवरच अडवणार आहेत का?"

मी त्यांना पाण्याची बाटली देऊ केली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. "वाळवंटात फुकट पाणी देणाऱ्यापासून जपून राहा, पोरी."

मग त्यांनी खिशातून पांढरा दोरा काढला. त्याला साधारण बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. तो काचेवर ठेवून, पार्किंगपासून मुख्य चौकापर्यंत, चौकापासून समुद्रापर्यंत, ते गाठी मोजत गेले. पुटपुटले, डायरीत आकडे लिहिले, आणि निघून गेले.

ते पुढच्या शनिवारी आले. त्याच्या पुढच्याही. दर वेळी दोरा, दर वेळी डायरी. मॉडेलमध्ये कारागिराने एक छोटंसं कारंजं सरकवलं होतं, तेही त्यांनी पकडलं. "मागच्या वेळी दोन गाठी इकडे होतं. का हलवलं?"

आता मलाच संशय यायला लागला. पर्यटकाला दोरा कशाला लागतो? हे दुसऱ्या कंपनीचे तर नव्हेत? की पुढेमागे कोर्टात जायचं म्हणून पुरावे गोळा करतायत? ट्रेसीलाही तेच वाटत होतं. पुढच्या महिन्यात या शहराबद्दल काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाची, जाहीर सुनावणी होती, आणि तिथे कुणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतं. ती मला म्हणाली, "तुमची भाषा एक आहे. तो कुणासाठी काम करतो ते शोधून काढ." माझ्या इंटर्नशिपचा शेरा तीच लिहिणार होती. मी हो म्हणाले.

त्यामुळे काकांनी "रविवारी जेवायला ये, काकू बोलावतेय" असं म्हटलं, तेव्हा मी गेले ती हेरगिरी करायला. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

मी काकांच्या गाडीत मागे बसले होते. फोनमधली बाई म्हणाली, उजवीकडे वळा. काका म्हणाले, "का? उजवीकडे तुझं कोण आहे?" आणि डावीकडे वळले. आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो.

काकू ठेंगण्या, गोऱ्या, हातात काठी. त्यांनी मला जवळ घेतलं. "हे आता दोन तास तुला शहाणपण शिकवतील. तू पोळ्या गरम आहेत तोवर जेव."

जेवणाआधी काकूंची चालण्याची वेळ होती. दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून निघून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून, बाहेरच्या दारापर्यंत. काका मागून मोजत होते. "एकवीस, बावीस... पाठ सरळ ठेव... पंचवीस." काकू खिडकीशी थांबल्या. पडदा चांगला सरळ लटकत होता, तरी त्यांनी तो दोन्ही हातांनी सारखा केला. मग पुढे. "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. बस आता." दाराजवळ खुर्ची होती, काकू तिच्यात बसल्या.

"बघ," काका मला म्हणाले. "हिचा पल्ला चाळीस पावलांचा. मॉडेलच्या मापाने चाळीस पावलं म्हणजे एक गाठ."

"गुडघे गेल्यापासून मी आधी जाऊन जागा चेक करतो, मग हिला नेतो. झू चेक केला, पहिलं बाक दोनशे दहा पावलांवर. फेल. बोटॅनिकल गार्डन, फेल. मॉलमधली बाकं काढून तिथे फोनची कव्हरं विकायला बसवलीत."

"व्हीलचेअर, काका?"

"खुर्चीत घालून ढकलत न्यायला मी काय सामान आहे?" काकू म्हणाल्या. "मी चालत जाईन नाहीतर घरी राहीन."

"ऐकलंस? मग राहिलं काय? बाकीची सगळी गावं बांधून झालेली. बांधून झालं की कोण ऐकतंय! हे एकच गाव अजून कागदावर आहे. आत्ता सांगितलं तर बाक बसेल."

कंपनीचं शहर उघडायला आठ वर्षं होती. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मी वजाबाकी की बेरीज, काय करायचं ते मनात केलं आणि आमटी वाढून घेतली.

नंतर भांडी विसळताना काकूंनी नळ मोठा सोडला आणि हळूच म्हणाल्या, "चाळीस नाही गं होत आता."

"म्हणजे?"

"पंचवीस. मग पाय थरथरायला लागतात. तो पडदा आहे म्हणून निभतं, सारखा करायच्या निमित्ताने उभी राहते. ह्यांना सांगू नकोस. सगळ्या गाठी सोडून पुन्हा मारत बसतील, आणि एकदा कमी व्हायला लागलं म्हटलं की..." त्यांनी नळ बंद केला.

सोमवारी ट्रेसीने विचारलं, "कळलं? कुणासाठी काम करतो?"

"बायकोसाठी," मी म्हणाले.

ती खूप हसली. मला मात्र पहिल्यांदाच त्या हसण्याकडे डोळे बारीक करून बघावंसं वाटलं.

सुनावणी सकाळी दहाला होती. मी कंपनीच्या माणसांच्या रांगेत, ट्रेसीच्या शेजारी. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दोरा नव्हता, एकच कागद होता. त्याची एक प्रत त्यांनी कंपनीला आधीच दिली होती, आणि ती ट्रेसीच्या मांडीवर होती. त्यात लिहिलं होतं: दर चाळीस पावलांवर पाठ टेकता येईल असं बाक, वर सावली.

काका माइकपाशी गेले. तीन मिनिटं सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागला. त्यांनी दोन सूर्यांबद्दल सांगितलं, एकशे बारा तरुणांबद्दल सांगितलं, कारंज्याबद्दल संशय व्यक्त केला. लोक हसले. पिवळा दिवा लागला. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग तो घडी करून खिशात ठेवला.

"कागदात चूक आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "दर पंचवीस पावलांवर."

समितीतल्या एकाने चष्मा काढला. "सर, ही खूपच बाकं झाली."

"रोलर कोस्टरही खूप आहेत," काका म्हणाले. लाल दिवा लागला.

ट्रेसीने माझ्याकडे वळून विचारलं, "हा माणूस गंभीरपणे बोलतोय?" शेरा अजून लिहायचा होता. "हो," मी म्हणाले. "आणि ते बरोबर मोजतात. मी पाहिलंय." तिने प्रतीवरचा 'चाळीस' खोडून वर 'पंचवीस' लिहिलं. ते कशासाठी, मला माहीत नाही.

बाहेर ऊन भाजत होतं. मी काकांना पायऱ्यांवर गाठलं. "काका, पंचवीस कसं?"

"त्या पडद्याला काय धाड भरलीय, रोज सारखा करायला?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आयुष्यभर तडे शोधले मी. घरातला दिसणार नाही होय?" मग पायरी उतरता उतरता, "तिला बोलू नकोस. मला कळलं नाही असं तिला वाटतंय, तोवर रोज चालते तरी."

काकू गाडीत बसल्या होत्या, एसी चालू ठेवून. पार्किंगपासून सभागृह फार लांब होतं. मला बघून त्यांनी काच खाली केली. काका दुसऱ्या बाजूने आत बसले.

"काय गं, किती म्हणाले हे? किती पावलं?"

मी दोघांकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही. बोलले की कान लाल होतात, घरी सगळ्यांना माहीत आहे.

"चाळीस, काकू," मी म्हणाले.

काकूंनी मान हलवली आणि सीटला डोकं टेकलं. काकांनी वाकून माझ्या लाल कानांकडे नीट पाहून घेतलं, पट्टा लावला आणि गाडी बाहेर काढली.