दोन्ही रस्त्यांचा टायर

आरोग्य केंद्राच्या एकमेव सायकलीचे दोन्ही टायर एकाच आठवड्यात निकामी झाले. टायरांनी असं संगनमत करणं नियमात बसत नव्हतं. पण ते पडले रबराचे, त्यांच्याकडं खुलासा कसा मागणार? म्हणून तो नर्सबाईंकडं मागण्यात आला.

नर्सबाईंनी दिला. फेरीचा अर्धा रस्ता डांबरी, अर्धा खडीचा. खडी टायर खाते. खडीच्या टोकाला एक म्हातारे सुतार एकटे राहतात, आणि साखरेच्या आजारानं त्यांच्या पायाची जखम चिघळली आहे. एक दिवसाआड ती धुऊन पट्टी बदलली नाही, तर पाय जाईल.

खरं तर नाक्यावरच्या सायकलवाल्यानं हा प्रश्न उभ्या उभ्या सोडवला होता. खुंटीवरून एक टायर काढून तो म्हणाला होता, "हा बघा बाई. मधे सपाट, कडेला खाचा. डांबरावर पळतो, खडीवर धरतो. बसवू?"

"बसव की!"

"सायकल सरकारी. सही कुणाची घेऊ?"

इथं घोडं अडलं. नर्सबाई टायर खांद्याला अडकवून भांडारपालांकडं गेल्या. भांडारपालांनी तो फिरवून पाहिला, वाकवून पाहिला आणि अर्ज पुढं सरकवला. त्यात रस्त्याच्या प्रकारासाठी दोन चौकोन होते, पक्का आणि कच्चा. नर्सबाईंनी दोन्हींत खूण केली.

"सिस्टर, दोन्हींत खूण म्हणजे एकातही नाही."

"अहो, पण रस्ता दोन तऱ्हांचा आहे ना!"

"रस्ता असेल. अर्ज एकच आहे."

प्रकरण केंद्राच्या डॉक्टरसाहेबांपुढं गेलं. ते न्यायी होते. त्यांनी तत्काळ टायर निवड समिती नेमली आणि स्वतः मोटारीतून तिच्या अध्यक्षपदावर आले. तो टायर 'नमुना' म्हणून दाखल झाला. त्यावर लाखेची मोहोर बसली आणि तो कपाटात गेला. "तोवर हाच वापरते," असं नर्सबाई म्हणाल्या, तेव्हा भांडारपालांना त्यांची कीव आली. "वापरला तर तो नमुना राहील का?"

समितीत रस्ते खात्याचे इंजिनिअर होते. त्यांच्या दप्तराप्रमाणं खडीचा रस्ता नव्हताच. तो कधीच डांबरी झाला होता. खाचांचा टायर मंजूर करणं म्हणजे त्यांच्या खात्यावर उघड संशय. दुसरे सदस्य सायकल शर्यतींचे चॅम्पियन. यांची सायकल दिवाणखान्यात काचेच्या कपाटात असे आणि हे घट्ट कपडे घालून तिच्या शेजारी उभे राहत. हवेच्या दाबावर ते दोन तास बोलले. त्या वेळात नर्सबाई सायकलीवरून सुतारांकडं जाऊन परत आल्या असत्या.

अखेर तडजोड निघाली. एक चाक सपाट, एक खाचांचं. मग खडीवर आधी कोण पोचतं? पुढचं चाक. म्हणजे खाचा पुढं. पण परतताना डांबरावरही तेच आधी पोचतं! समिती गंभीर झाली. शेवटी डांबर संपतं तिथं एक टपरी उभारून, जाताना आणि येताना नर्सबाईंनी चाकांची अदलाबदल करावी, असं ठरलं. टपरीची वेळ अकरा ते पाच, मधे जेवणाची सुट्टी.

दरम्यान नर्सबाई पायी जात होत्या, आणि सायकल ढकलत नेत होत्या. कारण फेरीच्या नोंदवहीत 'सायकलीने' असं छापलेलंच होतं, आणि सायकल केंद्रात उभी दिसली तर फेरी धरत नव्हते.

"सिस्टर," सुतार खाटेवरून विचारत, "ती तुम्हाला आणते, का तुम्ही तिला?"

"बाबा, पाय हलवू नका."

"हलवतोय कुठं? तो आता माझं ऐकतोय कुठं?"

पायी जाण्यात अख्खा दिवस मोडे आणि बाकीचे रोगी तिष्ठत. एक दिवसाआडची पट्टी आठवड्यावर गेली. चौथ्या बैठकीत नर्सबाई न विचारता उभ्या राहिल्या. "साहेब, काळा पडायला लागलाय."

"पुढचा का मागचा?" चॅम्पियननं पेन उघडलं.

"सुतारबाबांचा पाय!"

"बाई, विषय टायरचा आहे," डॉक्टरसाहेब हळुवारपणे म्हणाले. ते कुणावरही ओरडत नसत.

त्याच बैठकीत जनतेला विश्वासात घ्यायचं ठरलं. मतं लिहायला केंद्राच्या फाटकाशी सुतळीनं वही बांधली. आणि जनता तुटून पडली! सपाटवाले आणि खाचावाले असे दोन तट पडले. दोन साडू एकमेकांशी बोलेनासे झाले. जन्मात सायकलीवर न बसलेल्या एका गृहस्थांनी सात पानं लिहिली आणि आठव्यावर आकृती काढली. नर्सबाईंनी वही पहिल्या पानापासून वाचून काढली. सायकल जाते कुणाकडं, हे एकानंही विचारलं नव्हतं.

मग मोठ्या इस्पितळात सुतारांचा पाय गुडघ्याखाली कापला.

समितीची शेवटची बैठक खेळीमेळीत झाली. पाय नाही, म्हणून पट्टी नाही. पट्टी नाही, म्हणून खडीची फेरी नाही. सबब मिश्र टायरची गरज नाही. सपाट टायर एकमतानं मंजूर. चॅम्पियननं अध्यक्षांचे आभार मानले. नमुना मोहोरेसकट कपाटात राहिला. पुढच्या समितीला उपयोगी पडेल.

सुतार घरी आल्यावर नर्सबाई सुट्टीच्या दिवशी त्यांना भेटायला गेल्या. सुतारांनी स्वतःच तासून कुबडी केली होती. काम झकास होतं, पण टोक खडीवर सटकत होतं आणि डांबरावर घसरत होतं.

"खाली रबर लागेल, सिस्टर," ते म्हणाले. "दोन्हीकडं चालेल असं. अर्ज करू म्हणता?"

नर्सबाई तशाच उठल्या. त्या केंद्रात आल्या, निकामी टायरचा हातभर तुकडा कापला आणि पदराखाली घेतला. फाटकातून निघताना भांडारपालांनी पाहिलंच. त्यांनी चोरीची नोंद केली, आणि कुबडीला रबर कसं असावं, यावर मतं मागवली.

वही अजून फाटकाशी आहे. एक पान आपल्यासाठी कोरं ठेवलं आहे. लिहा. इथवर वाचताना आपलंही मत बनलंच असेल, सपाट का खाचांचा.