शुभ बोलणारं बिनतारी मंडळ

एका जंगलात एक नदी होती आणि ती कुणाचंच ऐकत नसे. मुलांनो, नद्यांचं असंच असतं. त्यांना सभेची वेळ सांगून उपयोग नसतो.

एका आषाढात ती रात्रंदिवस फुगत गेली. वरच्या रानाला हे सकाळीच कळलं होतं. पण खालच्या रानाला सांगायचं कसं? बातमी तोंडोतोंडी निघाली आणि वाटेत प्रत्येक तोंडाशी जरा गप्पा मारत बसली. खालच्या रानाला पुराचा पत्ता लागला तो पाय भिजल्यावर. बिळं गेली, घरटी गेली, साळींदराचं तर जमवलेलं सगळं कंदमूळ गेलं.

पाणी ओसरल्यावर उंबराखाली सभा भरली. अध्यक्षस्थानी आबासाहेब गवे होते. त्यांच्याएवढं आडवंतिडवं जंगलात दुसरं कुणी नव्हतं, आणि अध्यक्ष निवडताना आपल्याकडे एवढंच बघतात. सभेत ठरलं की यापुढे संकटाची बातमी वाऱ्याच्या वेगानं जायला हवी. त्यासाठी एक मंडळ काढायचं आणि बिनतारी यंत्रं बसवायची. चालवायची मात्र सगळ्यांनी आपापल्या हौसेनं, सेवा म्हणून.

हे यंत्राचं डोकं टोचे नावाच्या सुतारपक्ष्याचं. त्यानं शहराजवळच्या एका वायरलेस मनोऱ्यावर चार वर्षं संसार केला होता. त्यानं महिनाभर खपून बारा खोकी कोरली, आत तारा आणि बॅटऱ्या बसवल्या आणि रानोरान पोचवली. एक खोकं नदीतल्या बेटावर गेलं. तिथं भागाबाई नावाची सशीण एकटी राहायची. नदीचं पाणी सगळ्यांत आधी तिच्या दारात यायचं, म्हणून तिचं ठाणं सर्वांत महत्त्वाचं, असं आबासाहेब भाषणात म्हणाले. भागाबाईला ते खरं वाटलं. भाषणातलं खरं मानणारी एक तरी व्यक्ती प्रत्येक संस्थेत लागते.

उद्घाटनाला नारळ वाढवला. फोडला नाही हं, वाढवला. फोडला म्हणणं अशुभ असतं.

मग टोचेनं बोलायची रीत शिकवली. आपलं बोलणं झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, म्हणजे पलीकडच्यानं बोलायचं. सगळंच बोलून झालं की ‘आऊट’ म्हणायचं आणि यंत्र बंद करायचं.

आबासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. सेवेच्या पहिल्याच दिवशी आऊट? मंडळाचे चिटणीस मुंगूस होते. तेही म्हणाले, की आपल्या घरून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तोंडातून वाईट निघालं की वाईट होतं. शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, अशी आपली गत व्हायला नको.

आता मांडवाला खरोखरच आग लागली असेल, तर त्या नाऱ्यानं बिचाऱ्यानं काय म्हणायला हवं होतं, हे कुणी विचारलं नाही. मला तर लहानपणापासून त्या नाऱ्याची दया येते.

लगोलग शुभ-शब्द समिती नेमली गेली. तिनं सात बैठका घेतल्या आणि यादी काढली. ‘पूर’ म्हणायचं नाही, ‘नदीबाई आल्या’ म्हणायचं. ‘वणवा’ म्हणायचं नाही, ‘उजेड’ म्हणायचं. ‘बॅटरी संपली’ म्हणायचं नाही, ‘बॅटरी वाढली’ म्हणायचं. आणि ‘आऊट’ऐवजी आपलं घरगुती ‘येतो’ म्हणायचं.

टोचे फक्त एवढंच म्हणाला, “समोरासमोर ‘येतो’ म्हटलं तर बोलणाऱ्याची पाठ दिसते, म्हणून कळतं की चालला. यंत्रात पाठ दिसत नाही.”

त्याला सांगण्यात आलं, की तुम्ही तांत्रिक बाजू बघा.

तर मुलांनो, सेवा सुरू झाली. मुख्य केंद्रावर हुपरीकर नावाचे वानर बसायचे. स्वभावानं लाख माणूस. दिवसभर यंत्रापाशी बसून प्रत्येकाची विचारपूस करायचे. दिवाळीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत शुभेच्छा चालल्या. संक्रांतीला तिळगूळ झाला. माघात अस्वलांच्या लग्नाचं साग्रसंगीत वर्णन झालं आणि कोण रुसलं तेही सगळ्या रानाला कळलं. जंगल इतकं जवळ आलं, की पूर्वी वर्षाकाठी होणारी भांडणं आता रोज होऊ लागली.

हरणटोळाच्या खोक्यातली बॅटरी वाढली. त्याचं अभिनंदन झालं. ती इतकी वाढली, की त्यानंतर त्याचा आवाज कुणी ऐकला नाही.

फाल्गुनात साळींदरानं कळवलं, की डोंगरावर उजेड आहे. थोड्या वेळानं कळवलं, की फारच उजेड आहे. हुपरीकरांनी आनंद व्यक्त केला. सगळा उतार जळाला, पण जीव कुणाचा गेला नाही, कारण धुराचा वास नाकात गेल्यावर सगळे पळाले होते. वासाला समितीची मंजुरी लागत नाही. चिटणिसांनी अहवालात लिहिलं, की मंडळाच्या क्षेत्रात यंदा प्रकाश वाढला.

भागाबाई मात्र गप्पांत नसायची. तिनं पाण्यात एक काठी रोवली होती आणि तिच्यावर खुणा केल्या होत्या. दर शनिवारी ती कोणती खूण बुडाली ते कळवायची. हुपरीकर ‘छान, छान’ म्हणायचे.

पुन्हा आषाढ आला. भागाबाईला चार पिल्लं झाली होती. चालायला लागून त्यांना चारच दिवस झाले होते. एका दुपारी ती काठी बघायला गेली तर काठीच दिसेना.

बेटावरून काठाला जायला धोंड्यांची एक वाट होती. धोंड्यांवरून अजून बोटभरच पाणी वाहत होतं. एकेक पिल्लू तोंडात धरून नेलं असतं तर चार फेऱ्यांत जमलं असतं. पण एकाला नेताना मागे तिघं राहणार, आणि पाय घसरला तर सगळंच गेलं. तिनं यंत्र लावलं.

नियमानं आधी तिनं नदीबाई आल्याचं कळवलं. हुपरीकरांनी नदीबाईंना नमस्कार सांगितला. मग तिनं नियम सोडला.

“हुपरीकर भाऊजी, पूर आलाय. पाणी दारात आहे. माझी चार पिल्लं आहेत, त्यांना पोहता येत नाही. कुणी येतंय का एवढंच सांगा. ओव्हर.”

हुपरीकर खरंच हळहळले. आत आबासाहेबांना सांगावं, ते सभा घेतील, सभा कुणाला तरी धाडेल, असं त्यांच्या मनात आलं. ते मायेनं म्हणाले, “घाबरू नका, वहिनी. मी आहे ना. बरं, येतो.”

आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

भागाबाईचा जीव भांड्यात पडला. वानर येतोय म्हटल्यावर धोंड्यांवरून जीव धोक्यात कशाला घालायचा? दोन फेऱ्यांत तो चौघांनाही नेईल. तिनं पिल्लांना पुसलं, उंबऱ्यावर आणून बसवलं आणि काठाकडे डोळे लावले. पिल्लांना तिनं सांगितलं, की काका येतायत.

धोंडे गुडघाभर पाण्यात गेले. मग दिसेनासे झाले. काका आले नाहीत.

त्या वेळी मंडळाची सभा चालू होती. भागाबाईंनी यंत्रावर उघड ‘पूर’ हा शब्द उच्चारला, त्याबद्दल समज द्यावी की काय, यावर चर्चा होती. हुपरीकर मध्ये दोनदा हात वर करून बसले, पण त्यांचा विषय पत्रिकेवर नव्हता.

पाणी घरात शिरलं तेव्हा भागाबाईनं यंत्र पुन्हा लावलं. पलीकडे कुणी नव्हतं. तिला रडू आलं आणि रडता रडता तिला दिसलं, की सगळं घर बुडतंय आणि ते खोकं तेवढं हलतंय. टोचेनं ते पांगाऱ्याचं कोरलं होतं, आणि पांगाऱ्याचं लाकूड वजनाला काहीच नसतं. तिनं दातांनी तारा उपटल्या. बॅटरी ढकलून दिली. चार पिल्लं आत कोंबली आणि स्वतः खोक्याच्या कडेला लटकली.

खोकं वाहत वाहत दीड कोस खाली आलं आणि थेट मुख्य केंद्रापाशी काठाला लागलं. हुपरीकर धावत गेले. पिल्लांना त्यांनी एकेक करून बाहेर काढलं.

“वहिनी, तुम्ही आलात?”

“तुम्ही ‘येतो’ म्हणाला होतात.”

“अहो, ते जायचं ‘येतो’ होतं,” हुपरीकर म्हणाले, आणि म्हणताना त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी मान खाली घातली ती कितीतरी दिवस वर केली नाही. भागाबाई रागानं आणि थंडीनं थरथरत होती. तिनं पिल्लांना कुशीत घेतलं आणि पाठ फिरवली.

भाद्रपदात वार्षिक सभा झाली. आबासाहेबांनी जाहीर केलं, की यंदाच्या पुरात, म्हणजे नदीबाईंच्या भेटीत, मंडळाच्या यंत्रानं पाच जीव वाचवले. हे शब्दशः खरं असल्यामुळे कुणाला काही बोलता येईना. भागाबाईला शाल आणि श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती म्हणाली, “माझं एकच मागणं आहे. येणार नसाल तर ‘जातो’ म्हणा. म्हणजे मी वाट बघणार नाही, धोंड्यांवरून निघेन. मला अशुभ चालेल.”

हुपरीकर हुंदका देऊन रडले. आबासाहेबांनाही भरून आलं. ते म्हणाले, की भागाबाईंच्या भावना मंडळापर्यंत पोचल्या आहेत, आणि मंडळ त्यातून निश्चित धडा घेईल.

धडा घेतला, मुलांनो. एकमतानं ठराव झाला, की पुढच्या वर्षी खोकी मोठी करावीत. आतल्या तारांनी आणि बॅटऱ्यांनी फार जागा अडते, तेव्हा त्या काढून टाकाव्यात. टोचेनं विचारलं, की मग बोलायचं कशातून? चिटणीस म्हणाले, की भागाबाईंना बोलून काय मिळालं?

नवं खोकं भागाबाईकडे पोचलं. ऐसपैस होतं, आत सहा जण मावतील एवढं. तिनं ते दारातच बांधून ठेवलं आणि वर्षात पहिल्यांदा ती निवांत झोपली.

तात्पर्य: संकटकाळी मदतीचं यंत्र नेहमी हाताशी असावं. ते चाललं नाही तरी चालेल, तरंगलं पाहिजे.