जवाईबापू आणि दोन स्क्रू

"गाठ बांधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, आबा! तुम्ही निवांत बसा!" तोतारामने बाह्या सरसावल्या.

तोताराम जामनेरच्या जिनिंग प्रेसमध्ये कामाला. दिवाळीला चोपड्याजवळ सासुरवाडीला आला होता. सासरे वनाआबा यांनी बंद पडलेल्या एका डेअरीतून गवताचे गठ्ठे बांधायचं जुनं यंत्र आणलं होतं. ट्रॅक्टरला जोडायचं, एकीकडून गवत सारायचं, दुसरीकडून सुतळीने बांधलेला चौकोनी गठ्ठा बाहेर! बाहेरच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन स्क्रू. आवळले की गठ्ठा घट्ट, सोडले की सैल. आज गठ्ठे जरा सैल येत होते, आणि धुळ्याच्या पांजरपोळाचा ट्रक चार वाजता येणार होता. गठ्ठे वाटेत सुटले, तर तिथले शेठ पुन्हा गवत मागवणार नव्हते.

"आमच्याकडे कापसाची पावणेदोनशे किलोची गाठ असते!" तोताराम म्हणाला.

"तुम्ही तर गाठींवर नंबर रंगवता ना?" त्याची बायको मंदाबाई हळूच म्हणाली.

"पण किती जवळून!"

त्याने दोन्ही स्क्रूंना दोन-दोन फेरे दिले. गठ्ठा आला. सैलच! आणखी दोन फेरे. पुन्हा सैल! तोतारामला वाटलं, यंत्र आपली परीक्षा पाहतंय. त्याने दात-ओठ खाऊन आणखी चार फेरे आवळले. आबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, जावयाकडे पाहिलं आणि मिटलं.

चौथा गठ्ठा जड आला. पाचवा त्याहून जड. सहावा बाहेर पडला तेव्हा जमीन हादरली! गठ्ठे वाहून नेणाऱ्या भागाबाईने तो उचलायला हात घातला आणि ती स्वतःच त्यावर बसली.

"जवाईबापू, धोंडा शे का यामा?"

सातव्या गठ्ठ्याची सुतळी फटाक्यासारखी तुटली. ट्रॅक्टर म्हाताऱ्यासारखा खोकू लागला. तोतारामने घाईघाईने स्क्रू सोडले. पुढचा गठ्ठाही धोंडाच! त्याने आणखी सोडले. तरी धोंडाच! मग त्याने स्क्रू अगदी खिळखिळे करून टाकले आणि हात जोडून उभा राहिला.

आणखी तीन गठ्ठे पडले. त्यानंतर आलेला गठ्ठा भागाबाईने सहज डोक्यावर घेतला. दोन पावलं गेली आणि गठ्ठा सुटला! गवताच्या ढिगाखालून फक्त तिचा आवाज येत होता, आणि तो आवाज जावयाचा मान ठेवणारा नव्हता.

"आबा, यंत्र बिघडलंय!" तोताराम म्हणाला.

आबांनी ट्रॅक्टर बंद केला. "यंत्र बठ्ठं बराबर शे, बापू. आत आधीचे तीन गठ्ठे असतात. ते बाहेर पडल्याशिवाय नवीन फेरा कळत नाही. एक फेरा द्यायचा आणि वाट पाहायची."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"जवाईले कोण सांगी?" आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच संकोच होता.

तोतारामने विळा घेतला. धोंडे कापायचे, गवत मोकळं करायचं, पुन्हा यंत्रात घालायचं. दिवाळीची नवी पँट कुसळांनी भरली. चहा घेऊन आलेल्या मंदाबाईने त्याचा चेहरा पाहिला, कप खाली ठेवला आणि पदर खोचून शेजारी बसली. आबांनी एक-एक फेरा देत बेताचे गठ्ठे काढले. ट्रक तासभर थांबला, पण भरून गेला.

भाऊबीजेनंतर आबा एसटी स्टँडवर पोचवायला आले. तोतारामचा हात हातात घेऊन म्हणाले, "पुढच्या वर्षीही यायचं, बापू. गवत आटोपलं की पत्र टाकतो."

पुढच्या वर्षी दिवाळीला मंदाबाई एकटीच गेली; तोताराम पत्राची वाट पाहत राहिला. आबांचं पत्र आलं, अगदी आग्रहाचं! होळीच्या आदल्या दिवशी.