सप्तमीचं स्थळ

मार्गशीर्षातला गुरुवार होता. प्रमोदिनीबाईंनी घट मांडला, वेणी वाहिली, हळदीकुंकू वाहिलं आणि फणी घेऊन मांजरांपाशी बसल्या, तोच दारावरची बेल वाजली. पाठोपाठ नृसिंह सरांचा आवाज आला, "या, या! तुमचीच वाट बघत होतो."

त्या आवाजातल्या गोडव्यानंच त्यांना शंका आली. बेचाळीस वर्षांच्या संसारात सरांनी कुणाची वाट बघितल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, आज गुरुवार. गुरुवारी सकाळच्या पूजेपासून संध्याकाळी पोथीला बसेपर्यंत त्यांचं मौन असे. सरांनी वार बघून माणूस बोलावला होता.

प्रमोदिनीबाईंकडे रोजच काही ना काही नेम असे. सोमवारी अळणी, शुक्रवारी अनवाणी अंबाबाईला, एकादशीला तर पाण्याचाही हिशेब. त्यातच सर निवृत्त झाले त्या साली भाचीनं एक पांढरीशुभ्र पर्शियन मांजर आणून दिली आणि नेमांत आणखी एका नेमाची भर पडली. पौर्णिमेला आली म्हणून तिचं नाव पौर्णिमा. रोज सकाळी कोमट पाण्यात कापूस भिजवून तिचे डोळे पुसायचे. ह्या जातीचं नाक इतकं चपटं, की डोळ्यांचं पाणी गालावरच उतरतं. मग विष्णुसहस्रनाम म्हणत तिला विंचरायचं, नामागणिक एक फणी. "मांजराचे केस देवघरात उडतात," असं सर म्हणाले, की त्या शांतपणे म्हणत, "षष्ठीदेवीचं वाहन आहे. देवाला चालतं, तर तुम्हाला का चालू नये?"

पुढं पौर्णिमेला पिल्लं होऊ लागली आणि फाटकावर पाटी लागली: 'पर्शियन मांजराची पिल्ले मिळतील.' त्याखाली बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'योग्य घरी.'

ह्या दोन शब्दांत सगळी मेख होती. गिऱ्हाईक आलं, की बाई त्याला पाटावर बसवत, चहा देत आणि हळू आवाजात विचारपूस सुरू करत. घरी कुत्रं आहे का? रोज विंचरणार कोण? गावाला गेलात तर हिला कुठं ठेवणार? लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलीच्या आईनं विचारावं तसं. एका गृहस्थांना त्यांनी 'मांजर आजारी पडलं तर रजा काढाल का' असं विचारलं, आणि ते बिचारे खरं बोलले. आजवरची सगळी पिल्लं शेवटी नात्यातच गेली होती, तीही साखरनारळ देऊन. ह्या खेपेची दोन सांगलीला बहिणीकडं गेली. राहिली होती ती सगळ्यात शेवटी, तिथी बदलल्यावर जन्मलेली राखाडी सप्तमी.

सरांच्या आरामखुर्चीत पौर्णिमा बसे आणि सर स्टुलावर. "मी ह्या घरात भाडेकरू आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांच्या कपातल्या दुधावरची साय मात्र रोज नाहीशी होई आणि सप्तमीच्या मिशा रोज पांढऱ्या दिसत. बाईंना हे दिसे. त्या काही बोलत नसत, गुरुवार नसला तरी.

"चांगभलं!" पाहुण्यांनी उंबरठ्यावरून आरोळी दिली आणि कपाटातल्या बशा थरथरल्या. "हंबीरराव म्हंत्यात मला. शिरोली एमआयडीसीत फौंड्री हाय आपली. भट्टीजवळ बोलून बोलून आवाज असा झालाय बघा, मनावर घेऊ नगा!"

पौर्णिमा खुर्चीतून उठून थेट पलंगाखाली गेली. बाईंच्या मनात एकच शब्द उमटला: नाही. ह्या आवाजात पिल्लू नांदणार? चुन्यात धुतल्यासारख्या त्या पांढऱ्या शर्टावर मांजराचे केस चालणार? त्यांनी सप्तमीला पदराखाली घेतलं आणि सरांकडे बघून ठाम मान हलवली.

"काकू काय म्हंत्यात?" हंबीररावांनी विचारलं.

"तिचं मौन असतं आज," सर पापणीही न लववता म्हणाले. "पण तुम्हाला बघून आनंद झालाय तिला."

बाईंनी पाटीवर लिहून दाखवायचं कधीच केलं नव्हतं. लिहून बोलणं म्हणजे मौनाला मागचं दार, असं त्यांचं मत. पण भांड्यांनी बोलायला मौनाची आडकाठी नव्हती. त्यांनी पिल्लू खाली ठेवलं, स्वयंपाकघरात जाऊन आधी पातेलं आपटलं, मग सांडशी, मग परात. सगळं घर त्यांचं मत ऐकत होतं.

"चहाचं ऱ्हाऊ द्या काकू!" बाहेरून हाक आली. "लई त्रास घेऊ नगा!" मग सरांना, त्यांच्या मते दबक्या आवाजात, "काय शांत बाई हायत हो. आमच्या घरात असलंच कुणीतरी पायजे हुतं. लेक संयोगिता लगीन हून बेळगावला गेली, मंडळी भजनी मंडळात, आन् मी भिंतीसंगं बोलतोय. गप ऐकून घेणारं कायतरी पायजे की घरात."

"मग हीच घ्या," सर घाईघाईनं म्हणाले. "हिच्यासारखं ऐकून घेणारं कुणी नाही."

"ही व्हय? आयला, काय देखणं हाय! चांगभलं!"

ही दुसरी आरोळी सप्तमीच्या कानाजवळ झाली. ती हवेत उडाली, घटासमोरच्या तांदळांवर पडली, तिथून सरांच्या स्टुलावर, स्टुलावरून उघड्या दारातून नाहीशी. सर आणि हंबीरराव दोघंही खाली वाकले होते, त्यामुळे त्यांना ती कुठं गेली हे कळलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंना मात्र दिसलं. फाटकाबाहेर हंबीररावांची जीप उभी होती आणि तिच्याखाली राखाडी शेपटी सर्रकन दिसेनाशी झाली.

बाईंनी हातातली परात खाली ठेवली. अगदी हळूच.

सांगायला हवं होतं? तोंडानं सांगता येत नव्हतं, पण बोट दाखवता आलं असतं. त्यांनी मनाशी विचार केला. बाहेर ऊन आहे, चाकाच्या सावलीत पिल्लू सुखानं बसेल. हे दोघं शोधतील, थकतील, पाहुणे जातील, की आपण जाऊन तिला घेऊन येऊ. मी खोटं कुठं बोलते आहे? मी तर बोलतच नाही. देवीकडे बघून त्यांनी हात जोडले, पण नजर जराशी बाजूला ठेवली.

मग घरात शोध सुरू झाला. सर पलंगाखाली गेले आणि पौर्णिमेनं त्यांना ओरबाडलं. हंबीरराव कपाटामागे शिरले आणि तिथं अडकले. त्यांना ओढून काढताना सरांचा चष्मा पडला. "फळीवर असंल!" म्हणून हंबीररावांनी हात घातला तो पिठाच्या डब्याला. ज्वारीचं पीठ त्यांच्या डोक्यावरून शर्टावर, शर्टावरून मिशीवर असं शिस्तीत उतरलं.

"काकूंना इचारा की, त्यास्नी दिसलं असंल!"

"अगं, तुला दिसली का?" सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात सकाळचा गोडवा राहिला नव्हता. आवाज थोडा कापला, असं बाईंना वाटलं.

बाईंनी डोळे मिटले आणि जपमाळ ओढू लागल्या.

शेवटी हंबीरराव पीठ झाडत उंबऱ्यावर उभे राहिले. एवढा मोठा माणूस एकाएकी लहान दिसू लागला. "जाऊ द्या सर. माझ्याच आवाजानं पळालं ते. कामगार टिकतोय भट्टीवर, पर माझ्यासमोर जनावर टिकत न्हाय. म्हैस बी बिचकतीया. गावली तर गरम दूध द्या तिला, घाबरलं असंल लेकरू. येतो काकू."

ते 'लेकरू' बाईंच्या माळेत अडकलं. मणी पुढं सरकेना. त्या पदर सावरून हंबीररावांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेल्या, वाकून जीपखाली बघितलं. तिथं काहीच नव्हतं. ह्या चाकाशी नाही, त्या चाकाशी नाही. आणि मग बॉनेटच्या आतून, ऊब असते तिथून, एक बारीकसं 'मिऊं' आलं.

हंबीरराव आत बसले होते. किल्लीवर हात होता.

"थांबा!" प्रमोदिनीबाई ओरडल्या. "हंबीरराव, किल्ली फिरवू नका! माझी सप्तमी आत आहे हो!"

हा आवाज त्यांच्यात होता, हे गल्लीला तोवर माहीत नव्हतं. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईच्या हातून काठी पडली. सर चष्मा न घालताच धावत आले. हंबीररावांनी किल्ली काढून खिशात टाकली, खिशातून काढून सरांच्या हातात दिली, जणू ती आपोआप फिरेल. मग दोन्ही हातांनी हळूहळू बॉनेट उचललं.

बॅटरीच्या मागं, नळ्यांच्या बेचक्यात, काळ्या तेलात माखलेला एक गोळा होता आणि त्याला दोन डोळे होते.

"हात घालू का?" सरांनी विचारलं.

"नगं," हंबीरराव म्हणाले, आणि बाई चमकल्या, कारण ते कुजबुजले होते. "भ्यालंय. ओढलं तर आनखी आत जाईल. येऊ दे तिचं तिला. आमी बसतो." आणि ते पिठाच्या कपड्यांनिशी रस्त्यावर, बंपरला टेकून, फतकल मारून बसले.

आता मौन मोडलंच होतं. अर्धं मोडलेलं मौन असं काही शास्त्रात नाही. बाई फाटकाच्या कट्ट्यावर टेकल्या आणि सकाळपासून साठलेलं सगळं बाहेर आलं.

"घरी कुत्रं आहे?"

"न्हाय."

"रोज विंचरावं लागतं."

"लेकीची येणी मीच घालत हुतो. मंडळींस्नी सवड नसायची."

"डोळे पुसावे लागतात. कोमट पाण्यानं."

"बरं."

"गावाला गेलात तर?"

"काकू, मी जोतिबाच्या पलीकडं कुठं जातोय?"

"मांजर आजारी पडलं तर रजा काढाल?"

हंबीररावांनी जरा विचार केला. "फौंड्री माजीच हाय. भट्टी बंद ठेवता येत न्हाय, पर मला तिथं थांबाय पायजेच असं कुठं हाय?"

सर मध्येच म्हणाले, "तुम्हाला उशीर होतोय. मी म्हणतो, आज राहू द्या." ते कुणाचा उशीर वाचवत होते, कोण जाणे.

ऊन कलंडलं. हंबीररावांना तीन फोन आले. तिन्ही त्यांनी कुजबुजत घेतले आणि पलीकडच्याला मालक आजारी आहेत असं वाटलं. तुळशीपाशी दिवा लागायच्या वेळी पौर्णिमा उंबऱ्यावर येऊन घुरघुरली आणि तेव्हा कुठं बॉनेटमधून एक काळा पंजा निघाला. मग दुसरा. सप्तमीनं आधी बंपर हुंगला, मग ज्वारीचं पीठ हुंगलं, आणि शर्टावर तेलाचे ठसे उमटवत ती हंबीररावांच्या खांद्यावर चढली.

"चांगभलं," हंबीरराव म्हणाले. इतकं हळू, की ते जोतिबालाच ऐकू गेलं असेल.

मग त्यांनी पिल्लू सोडवून बाईंच्या ओंजळीत ठेवलं. "घ्या. आईजवळच बरं हाय ते." आणि सरांकडून किल्ली घेऊन जीप गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली, मगच चालू केली.

त्या संध्याकाळी पोथी वाचताना बाई दोनदा अडखळल्या. प्रायश्चित्त तर घ्यायलाच हवं होतं. सर म्हणाले, "जीव वाचवायला मौन मोडलं, त्याला कसलं प्रायश्चित्त?"

"मोडल्याचं नाही हो," बाई हळूच म्हणाल्या. "पाळल्याचं."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं हंबीररावांना फोन लावला.

रविवारी हंबीरराव जोतिबाहून थेट आले. कपाळावर गुलाल, शर्ट नवा, आणि जीप पार कोपऱ्यावर उभी. बाईंनी टोपलीत पौर्णिमेच्या अंगाखालची चादर कापून घातली होती, फणी, कापूस, आणि एक नारळ. सप्तमीच्या कपाळाला कुंकू लावताना ते राखाडी केसांत दिसेना, म्हणून दोनदा लावलं. रडून त्यांनी आधीच घेतलं होतं, पहाटे, कुणी उठायच्या आत.

"अहो, द्या ना टोपली."

सर टोपली धरून उभे होते. दोन्ही हातांनी. तिच्यातल्या मिशा अजून ओल्या होत्या, पांढऱ्या.

"काय सर," हंबीरराव हलक्या आवाजात म्हणाले, "बघाय कवा येणार मग?"

सरांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. मग टोपली पुढं केली, ओठांवर बोट ठेवलं आणि पाठ फिरवून देवघराकडं हात दाखवला.

हंबीररावांनी अदबीनं मान लववली. बाईंकडे वाकून कुजबुजले, "सरांचं बी मौन असतंय व्हय?"

प्रमोदिनीबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी सरांच्या पाठीकडे बघितलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आजपासूनच धरलंय."