सुभेदार तात्यांच्या हिरड्या

कुंडल गावात आमच्या गल्लीतून सकाळी दुधाला निघालं की आधी सुभेदार तात्यांना दात दाखवावे लागतात. तात्या कट्ट्यावर बॅटरी घेऊन बसलेले असतात.

"मास्तर, मुंह खोल!"

आपण आ करायचा. बॅटरीचा उजेड डावीकडून उजवीकडे फिरतो. "वरची लाईन वोक्के. खाली मेथी अडकलीया. फुडं चला."

फौजेत डॉक्टर जवानांचे दात असेच तपासायचा म्हणे. तात्या निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तपासणी काही थांबली नाही. एकदा शेजारची मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी ओळीत उभं केलं. लग्न जमलं, पण नवरदेव एकाही फोटोत हसलेला नाही.

तात्यांचं स्वतःचं तोंड मात्र कुणी पाहिलं नव्हतं. विचारलं की, "आपला रिपोर्ट निल हाय, तक्रार न्हाई."

गेल्या थंडीत माझ्यासमोर त्यांनी पेरू खाल्ला. चावा घेतलेल्या जागी लाल डाग उमटले.

"तात्या, रक्त हो."

"पेरू तांबडा हाय."

"पांढरा आहे, तात्या."

त्यांनी पेरू उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "वरीस झालं, गड्या. दातबी हालाय लागल्यात."

मी त्यांना सांगलीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "आजोबा, तोंड उघडा," म्हणाल्या, तसे तात्या खुर्चीत सावधान झाले. हिरड्या सुजलेल्या, आत पू. बाईंनी रक्तही तपासायला लावलं. साखर बरी निघाली, चरबी मात्र फार वाढलेली.

"ही दोन दुखणी बऱ्याचदा जोडीनं सापडतात," बाई म्हणाल्या. "कुणामुळे कोण, हे सांगणं अवघड आहे. हिरड्या मी बघते, चरबीसाठी तुमच्या डॉक्टरांना भेटा. जेवणात काय असतं?"

"सादंच."

"काल काय खाल्लंत?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जावं असं त्यांना वाटत असावं. "भजी."

"आणि परवा?"

"भजीच. कवा कवा वडा."

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मंडळी गेल्यापासनं कोण न्हाई."

"तुम्हाला येत नाही?"

"येत न्हाई?" तात्या खुर्चीतून अर्धे उठले. "फौजेतला लंगर संबाळलाय मी! दोनशे जवानांचं रांधलंय." मग खाली बसले. "एकट्याचं किती घ्यायचं, त्यो अंदाजच येत न्हाई, बाई."

हिरड्या साफ झाल्या, एक दाढ गेली, चरबीवर गोळी सुरू झाली. माझी बायको सुनीता डबा पाठवते म्हणाली. तात्यांनी साफ नकार दिला.

"आवं, मग तुमीच घाला की आमाला जेवाय," ती म्हणाली.

गुरुवारी आम्ही दोघं गेलो. भाकरी, मेथी आणि अख्ख्या गल्लीला पुरेल एवढी आमटी. तात्यांनी उभं राहून वाढलं, मग एका बाजूनं सावकाश चावत स्वतः जेवले.

निघताना दारात म्हणाले, "आमटी लय उरलीया. उद्याच्यालाबी या."

दुसऱ्या दिवशी गेलो, तर आमटी ताजी होती.