गवारीचा निकाल

आमच्या शेजारचे भिवाआबा भाजी चिरायच्या आधी तिला दम देत असत. सकाळी मी दाढी करत असलो की पलीकडून आवाज यायचा, "हे बघ, काल टमाट्यानं काय केलं ते तुला ठाव हाय. तू तरी नीट वाग." भिंतीवरून डोकावलं तर आबा पाटावर, पुढ्यात विळी, आणि हातात एक निरपराध दोडका.

बारामतीत आमची घरं एकाला एक लागून, मधे कमरेएवढी भिंत. मी हायस्कूलमध्ये मास्तर, आबा भाजीबाजारात मापाडी, म्हणजे काट्यावर माल तोलून देणारे. दिवसभर मेथी, कोबी, वांगी यांचे ढीग त्यांच्या हाताखालून जायचे आणि त्यातलं पानभरही त्यांना पचायचं नाही. देवानं माणसाची चेष्टा करावी, पण किती! त्यांच्या आज्यानं सुप्याच्या माळावर मेंढरं राखली, मिळेल तो पाला शिजवून खाल्ला आणि म्हातारपणी सुद्धा दगड पचवला. नातवाला दुधीची फोड जड.

आबांनी सगळ्या भाज्यांवर खटले भरले होते. कुठल्याशा मारामारीच्या केसमध्ये ते एकदा साक्षीदार होते आणि त्यापायी इंदापूरच्या कोर्टात तीन वर्षं खेटे घालून आले होते, तेवढ्या शिक्षणावर हा कारभार चाले. दुधी निर्दोष सुटला होता, पण साल आणि बिया काढायच्या अटीवर. दोडका जामिनावर बाहेर. कोबी, फ्लॉवर आणि वांगं तडीपार. मेथीला चार वेळा माफी मिळाली आणि चारही वेळा तिनं विश्वासघात केला. आणि गवार? गवारीचं नाव काढलं तरी आबा कपाळावरचा घाम पुसायचे. "सर, तिला फाशीच."

नवी भाजी खाल्ली की मी विचारायचो, "काय आबा, कशी काय?" उत्तर ठरलेलं. "आत्ता काय सांगू? निकाल सकाळी."

सकाळी टमरेल घेऊन जाताना चेहऱ्यावरच निकाल दिसायचा. बहुतेक वेळा विरुद्ध.

मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "आबा, पोटात काही नाही. तुमचं आतडं चिडकं आहे, एवढंच."

"चिडलंय? कुणावर?"

"डोक्याला काही ताप आहे का? काळजी?"

"मापाड्याला कसली काळजी? काटा सरळ हाय माझा."

डॉक्टर म्हणाले, भाज्या सोडू नका, रोज खा, नीट शिजवून थोड्या थोड्या खा. बाहेर आल्यावर आबा पायरीवरच बसले. "म्हंजी ज्यानं मारलं त्याच्याच घरी जेवाय जा म्हणतोय की ह्यो!"

हसू नका. मीही हसलो होतो. भाज्या सोडून तीन आठवडे नुसता दहीभात खाऊन बघितला तर चार-चार दिवस काही होईना, पोट दगड. परत भाजी सुरू केली तर सकाळपासून पाच खेपा. इकडून मरण, तिकडून मरण. सदरा अंगावर लोंबायला लागला. बाजारातली माणसं म्हणायची, आबा, काट्यावर तुमीच एकदा बसा. मी बघत होतो आणि माझ्याच्यानं काही होत नव्हतं.

हे सगळं सुरू झालं हिराच्या लग्नानंतर. हिरा आबांची एकुलती एक लेक. आई गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती. तेव्हापासून तिनंच चूल सांभाळली आणि आबा तिच्या हातचं सगळं खात होते. सगळं म्हणजे गवारसुद्धा! दाण्याचं कूट घालून ती करायची आणि आबा भिंतीवरून आम्हाला वाटीभर द्यायचे, वर ऐट काय, "खावा, खावा, माझ्या लेकीनं केलीय." ती इंदापूरला नांदायला गेली, आबा एकटे हातानं शिजवायला लागले, आणि महिन्याभरात पोट बिनसलं. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं, पण आबा ते सांगणार नाहीत आणि मला तेव्हा सुचलं नाही.

आता माझ्या पापाकडे येतो.

जावई इंदापुरात हायवेला ट्रक दुरुस्त करायचा. चांगला माणूस. पण तीन बिऱ्हाडांत एक संडास, अंगणाच्या टोकाला, सगळ्यांच्या नजरेसमोर. आबांना त्या संडासाची धास्ती. लेकीच्या सासरी जेवायला बसलो आणि मधेच पळायची पाळी आली तर? सणाला हिराचं बोलावणं आलं तेव्हा आबा भिंतीशी येऊन उभे राहिले. "सर, जेवाय न्हाय म्हणाय एखादं कारण सांगा."

"खरं सांगा की, पोट बिघडलंय म्हणून."

"लेकीला सांगू व्हय? तिला कळलं तर ती तितं घास गिळायची न्हाय. चूल टाकून हितं येऊन बसंल. मग तिचं सासर?"

मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. एका पोरानं अकबराला शिवाजी महाराजांचा मामा केलं होतं, डोकं आधीच फिरलेलं. मी वैतागून म्हणालो, "मग सांगा, लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. माझी आई बहिणीच्या घरी असंच करायची. कुणी पुढे बोलत नाही."

आबांचा चेहरा उजळला. "झ्याक! ह्ये बेस झालं."

धनगराच्या घरात असली काही रीत नव्हती. पण आबांनी ती नेली आणि सात वर्षं वापरली. दर पंचमीला, दर दिवाळीला पिशवी घेऊन इंदापूरला जायचे, उंबऱ्याबाहेर बसायचे, पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. ताट आलं की हात जोडायचे, "न्हाय बाय, मूल हुईपत्तोर आमच्यात जेवत न्हाईत." आणि मिळेल त्या गाडीनं परत. भिंतीशी येऊन मला सांगायचे, "कुणाला काय कळलं न्हाय, सर." मी म्हणायचो, वा आबा.

सात वर्षं हिराला मूल झालं नाही.

आबांची ती रीत आणि हिराचं मूल नसणं, दोन्ही मला माहीत होतं. मास्तर आहे मी, लोकांच्या पोरांना शहाणपण शिकवतो. आणि सात वर्षांत एकदाही या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी आल्या नाहीत. थू माझ्या शहाणपणावर!

आमची ही एका लग्नाला इंदापूरला गेली होती, तिथं तिला हिरा भेटली. घरी आल्यावर हिनं पायातली चप्पलही काढली नाही. "तुमच्या त्या रीतीनं पोरीचं काय झालंय माहीत आहे का?" म्हणाली. आबा दरवेळी उंबऱ्यावर बसून अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं मुलाचं बोलणार आणि उठून जाणार. मग सासू म्हणणार, तुझा बाप वर्षातनं दोनदा तुझं वांझपण सांगायला येतो होय गं? शेजारणी तोंडाला पदर लावणार. हिरानं निरोप दिला होता, "काकू, आबांना म्हणावं, आता येऊ नका. मला सोसवत न्हाय."

तो निरोप मी सांगायचा होता. आबा दुधीच्या बिया काढत होते. मी भिंतीवरून सांगितलं, सगळं. आबांचे हात थांबले. 

"पर सर," ते म्हणाले, "ती रीत तर तुमची हुती."

मारलं असतं तर बरं झालं असतं. "हो आबा," म्हणालो.

"सात वर्सं. लेकराला मी सात वर्सं..."  मग विळी आडवी करून उठले. "रविवारी चला माझ्यासंगं. तुमी साक्षीला पायजे."

शनिवारपासून आबांनी पोटात काही घातलं नाही. रविवारी सकाळी बारामती-इंदापूर गाडीत दाराजवळची जागा धरली. त्या रस्त्यावरचा प्रत्येक आडोसा त्यांना पाठ होता. "ही बाभूळ चांगली. ह्या पुलाखाली पानी असतंय." रिकाम्या पोटी सुद्धा भवानीनगरला त्यांना उतरावं लागलं. मी कंडक्टरपुढे हात जोडले. तो घड्याळाकडे बघून करवादला, "म्हाताऱ्याला घरात ठिवायचं की वो!" आबा उसातून धोतर सावरत धापा टाकत परत आले तेव्हा सगळी गाडी त्यांच्याकडे बघत होती. माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले, "ह्याच्यासाठीच लपवत हुतो, सर."

हिरा दारात उभी होती. ये म्हणाली नाही. मला मात्र म्हणाली, "सर, काकूंनी निरोप दिला न्हाय का?"

आबा उंबरा ओलांडून आत गेले आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसले. "बाय, जेवाय वाढ."

"मूल न्हाय अजून मला."

"वाढ म्हणतो न्हवं."

कुणी येणार म्हणून स्वयंपाक नव्हताच. घरात होतं तेच तिनं रागारागानं वाढलं. भाकरी, कच्चा कांदा, आणि गवार. दाण्याचं कूट घातलेली.  मी आबांच्या गुडघ्याला हात लावला, त्यांनी तो बाजूला केला आणि जेवायला लागले. भाकरी संपली. दुसरी मागितली. गवार पुन्हा मागितली. सासू आतल्या दारात येऊन उभी राहिली, शेजारच्या दोन बाया खिडकीशी. त्यातली एक टोचून म्हणाली, "काय आबा, कशी झाली भाजी?"

मला वाटलं आता म्हणणार, निकाल सकाळी.

"ग्वाड," आबा म्हणाले. "लई ग्वाड."

मग हात धुऊन त्यांनी सासूपुढे हात जोडले. "विहीणबाई, आमच्यात असली रीत न्हाय. ती ह्या सरांच्या आईची. माझं आतडं नासलंय. भाजी खाल्ली की पळावं लागतंय, म्हणून तुमच्यात जेवत नव्हतो. लाज वाटत हुती. पोरीचा त्यात काडीचा दोष न्हाय. ह्ये समद्यांनी आयका."

मी म्हणालो, "खरं आहे." माझी साक्ष एवढीच.  आबांना थांबायला वेळ नव्हता. चेहरा पांढरा पडला, मुठी आवळल्या, आणि सात वर्षं ज्याला ते भीत होते त्या अंगणाच्या टोकाकडे ते अख्ख्या वाड्यासमोरून पळाले.

दुपारभर ते तिथंच होते. बाहेर येत, दहा पावलं चालत, परत आत जात. शेजारचा एकजण टमरेल घेऊन आला आणि कुरकुरायला लागला. हिरानं घरातला पाट आणला, संडासाच्या दाराशी टाकला आणि त्यावर बसली. "माझा आबा जेवाय आला हुता," ती मोठ्यानं म्हणाली. "येळ लागंल. घाई असंल त्यानं दुसरीकडं जावं."

तो गेला. मी बाजेवर बसून होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"आबा, पोट एवढं खराब हाय तर मला सांगितलं का न्हाय?"

तिनं दारावर थाप मारली.

"बरं, मी रागानं वाढलं. तुमाला कळत हुतं ना? मग गवार कशाला खाल्ली? वर अजून मागितली!"

पाण्याचा आवाज झाला.  मग पत्र्याच्या दारामागून आबांचा थकलेला आवाज आला, "तू केली हुतीस, बाय."

हिरानं दाराला डोकं टेकलं आणि पदर तोंडात कोंबून रडली. बारामतीची गाडी गेली. तिच्या मागची पण गेली. आम्ही तिघंही जागचे हललो नाही.